३५० न्यूटनचा फेन्सिंग सेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फॉइल, म्हणजे फेन्सिंगमधल्या तलवारबाजीचा एक प्रकार आणि त्याची बोथट टोकाची तलवार, शिकायला लागल्यावर मास्क, जॅकेट आणि ग्लोव्ह असा भारतीय बनावटीचा सेट घेतला. आमची हौशी मंडळींची संध्याकाळची बॅच आहे. अख्खा पावसाळा याच सेटवर काढला.

घरच्यांचा प्रश्न एकच: तलवार लागली तर? लागते की. दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग कायमचेच. पण खरी भीती बोथट टोकाची नसते, मोडलेल्या पात्याची असते. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत मथियास बेहरचं फॉइल मोडलं आणि ते व्लादिमीर स्मिर्नोव्हच्या मास्कची जाळी भेदून डोळ्यातून आत गेलं. मॉस्को ऑलिंपिकचा हा विजेता काही दिवसांत गेला. मास्क, जॅकेट आणि पात्यांचे निकष त्यानंतर कडक झाले. मॅरेजिंग नावाच्या खास चिवट स्टीलची पातीसुद्धा मोडतात, फक्त त्यात चीर सावकाश पसरते. ‘हे पातं बोथटच तुटतं’ असं कुणी विक्रेता सांगू लागला तर हसून पुढे जावं.

जॅकेट ३५० न्यूटनचं आहे (कापड भोसकलं जायला किती जोर लागतो, त्याचं हे माप) आणि क्लबातल्या खेळाला मला पुरेसं वाटलं. आतलं प्लास्ट्रॉन, म्हणजे तलवारीच्या हाताच्या बाजूला जॅकेटखाली घालायचं अर्धं जॅकेट, मात्र वेगळं, ८०० न्यूटनचं घेतलं. हात पुढे फेकला की काख उघडी पडते आणि तिथून पातं शिरलं तर फुप्फुस लांब नाही. म्हणूनच चांगल्या प्लास्ट्रॉनला काखेत शिवण नसते. घेताना बोट फिरवून बघा. आमच्याकडे एकदा सरावात पातं मोडलं, माझ्या जॅकेटवर नुसता ओरखडा आला. सरांनी खेळ थांबवून सगळे तुकडे जुळवून पाहिले, मगच पुन्हा सुरू केलं. एखादा तुकडा अंगात रुतला तर उपटायचा नाही आणि छातीला लागून दम लागला तर थेट हॉस्पिटल, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

मास्कवर मात्र नाराज आहे. पावसाळ्यात हनुवटीजवळच्या जाळीवर गंज धरला. घामेजलेला मास्क बॅगेत कोंबला की हे होणारच, पण इतक्या लवकर? आता घरी आल्याआल्या पंख्याखाली ठेवते. जाळी अंगठ्याने दाबून बघते. जरा आत गेली तर तो मास्क बाद. क्लबात १२ किलोच्या पंचनेही, म्हणजे जाळीवर दाबायच्या टोकदार अवजारानेही, तपासणी होते. जॅकेट गार पाण्यात, ब्लीच न घालता धुते आणि सावलीत वाळवते.

ग्लोव्ह ठीक, पण मनगटाकडचा भाग आखूड आहे. तो मनगट ते कोपर यांच्या साधारण मध्यापर्यंत बाहीवर चढायला हवा, नाहीतर पातं बाहीतून आत सरकतं. मी दुसरा घेतला.

क्लबात दुखापतींची एक नोंदवही आहे. ती चाळली तर बहुतेक नोंदी घोट्याच्या आणि गुडघ्याच्या. आमच्या हॉलची फरशी गुळगुळीत, पावसात तर ओलसरच; लंज मारताना, म्हणजे वार करायला पुढचा पाय लांब टाकताना, तो घसरतो. या सेटमध्ये बूट येत नाहीत, आणि माझ्या मते आधी पैसे तिथेच घालावेत. प्रथमोपचाराच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि क्रेप बँडेज जितकं संपतं तितकं दुसरं काही संपत नाही.

एकूण पाचपैकी साडेतीन. डावखुरे असाल तर ऑर्डर करताना तसं आवर्जून लिहा. चेन तलवारीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला यावी लागते, आणि बदलून मिळायला आमच्यातल्या एकीला महिनाभर थांबावं लागलं.