जंताच्या औषधाची पुडी: आधी मिलिग्रॅम विचारा, मग पैसे द्या

गप्पी, मोली, फायटर किंवा एंजल या घरच्या टँकमधल्या माशांच्या गुदद्वारातून लाल-तपकिरी बारीक दोरे लोंबताना दिसले, की तो कमॅलॅनस नावाचा जंत असतो. मासा शांत उभा असला की दोरे बाहेर येतात, हलला की आत जातात. पोट खपाटीला जातं, मासा खातो पण अंगी लागत नाही. एका माशाला दिसले म्हणजे टँकमधल्या बाकीच्यांनाही लागण झालेली आहे असंच धरायचं. त्यावर चालणारं औषध म्हणजे लिव्हामिसोल. ते मत्स्यालयाच्या दुकानात सहसा मिळत नाही, मेडिकलवाला चिठ्ठी मागतो आणि इकडे रोज एक मासा जातो. ही घाई ओळखून विकणारे लोक आहेत. आम्हाला विकलेली पुडी त्याच घाईत घेतलेली होती.

पुडी अशी होती: झिपलॉकची पिशवी, वर प्रिंटरवर काढलेलं स्टिकर, ‘लिव्हामिसोल 99 टक्के, इम्पोर्टेड’, वजन 10 ग्रॅम, किंमत 650 रुपये, पैसे यूपीआयने आगाऊ. मात्रा लिहिली होती ‘50 लिटर पाण्याला पूर्ण पुडी’. सोबत सूचना की तीन दिवसांत दोरे दिसेनासे होतील आणि 21 दिवसांनी दुसरी पुडी टाकावी लागेल.

आता हिशेब करा. लिव्हामिसोल हायड्रोक्लोराइडची टँकमध्ये टाकायची नेहमीची मात्रा लिटरला 2 मिलिग्रॅम. 50 लिटरला 100 मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. पुडीत 10,000 मिलिग्रॅम. पावडर खरोखर 99 टक्के शुद्ध असती तर त्या एका पुडीत 5,000 लिटर पाण्याचा उपचार झाला असता, आणि ती 50 लिटरमध्ये ओतणं म्हणजे जवळजवळ शंभरपट मात्रा देणं. ‘99 टक्के’ आणि ‘50 लिटरला पूर्ण पुडी’ ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी असूच शकत नाहीत. पुडीत औषध फार तर एक टक्का, नाहीतर काहीच नाही. हे पैसे देण्याआधी, विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवरूनच कळण्यासारखं होतं. तो हिशेब कुणी केला नाही, एवढंच.

बाटलीतल्या औषधाचंही तेच. ‘दहा लिटरला एक झाकण’ असं लिहिलेलं असतं, पण एका मिलिलिटरमध्ये औषध किती मिलिग्रॅम आहे ते लिहिलेलं नसतं. हा आकडा विचारा. उत्तरात ‘आमचा स्पेशल फॉर्म्युला आहे’ किंवा ‘सगळ्या जंतांवर चालतं’ असं आलं, तर पुढे बोलू नका.

फसवणूक लगेच लक्षात का येत नाही, हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे. औषध टाकताना आपण टँकची लाइट बंद करतो, जाळी फिरवतो, पाणी हलवतो. मासे बिथरतात आणि दोरे आत जातात. बघणाऱ्याला वाटतं, गुण आला. त्यातून 21 दिवसांची सूचना खोटी नाही, खऱ्या औषधाचीही दुसरी फेरी दोन ते तीन आठवड्यांनीच करतात. विक्रेता त्या खऱ्या वेळापत्रकाच्या आड लपतो. दुसऱ्या पुडीनंतरही दोरे दिसतात तोपर्यंत सात दिवसांची परतीची मुदत कधीच संपलेली असते, आणि पहिल्या पुडीच्या वेळी वाचवता आले असते ते मासे गेलेले असतात.

पुडी हातात आली की टँकमध्ये टाकण्याआधी घरच्या घरी तपासता येते. लिव्हामिसोल हायड्रोक्लोराइड पांढरं, पाण्यात झटकन विरघळणारं असतं. चिमूटभर पावडर अर्धा कप पाण्यात ढवळा. पाणी नितळ राहायला हवं. आमच्या पुडीचा तळाशी पिठासारखा थर बसला. त्या थरावर पातळ केलेल्या बेटाडिनचे दोन थेंब टाकल्यावर तो काळा-निळा झाला, म्हणजे त्यात स्टार्च होता. शुद्ध पावडरीत स्टार्च असायचं कारण नाही. (गोळ्यांमध्ये मात्र बांधणीसाठी स्टार्च घालतात, त्यामुळे कुटलेल्या गोळीवर ही परीक्षा लावून काही सिद्ध होत नाही.)

प्राझिक्वान्टेल हे जंताचं दुसरं औषध, त्याची परीक्षा उलटी आहे. ते पाण्यात फारच कमी विरघळतं आणि टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा जवळजवळ हलवत नाही. ‘प्राझिक्वान्टेल पावडर’ म्हणून घेतलेली वस्तू एक ग्रॅमला एक लिटर पाण्यात लगेच नाहीशी झाली आणि टीडीएस हजाराच्या आसपास चढला, तर तुम्ही मीठ विकत घेतलं आहे. लिव्हामिसोल हायड्रोक्लोराइड स्वतःच क्षार आहे, त्याच्यावर टीडीएस मीटर चालवून काही कळणार नाही. आणि पावडर जिभेला लावून बघू नका.

या परीक्षांतून नकली माल पकडता येतो, असली असल्याची खात्री मात्र पटत नाही. त्यासाठी एक छोटी चाचणी करा. खडी नसलेल्या पांढऱ्या टबात टँकचंच 10 लिटर पाणी, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि दोरे स्पष्ट दिसणारे एक-दोन मासे घ्या. त्यात 20 मिलिग्रॅम लिव्हामिसोल टाकून टब झाका. हे औषध जंताला मारत नाही, लुळं पाडतं. पकड सुटलेले जंत बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवशी तळाला सेंटिमीटरभराचे बारीक लाल धागे दिसतात. ते दिसले की उरलेल्या टँकला औषध द्या.

दुसरी फसवणूक औषधाच्या नावाची, आणि ती करणारे सगळेच लबाड नसतात, काहींना खरंच माहीत नसतं. मेट्रोनिडाझोल जंताचं औषध नाही, ते हेक्झामिटासारख्या एकपेशीय परजीवींवर चालतं. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा बघून ‘जंत’ म्हणणारा आणि लाल दोऱ्यांवर मेट्रोनिडाझोल देणारा, दोघेही चुकतात. प्राझिक्वान्टेल पट्टकृमी आणि कल्ल्यांवरच्या फ्लूकवर (चपट्या परजीवी कृमींवर) उत्तम, लिटरला साधारण 2.5 मिलिग्रॅम, पण कमॅलॅनसवर निरुपयोगी. मिथिलीन ब्लू आणि जाडं मीठ पोटातल्या जंताला काहीच करत नाहीत. काचेवर वळवळणारे पांढरे बारीक किडे तर परजीवीच नसतात. ते जास्त पडलेल्या खाद्यावर वाढतात, त्यांना औषध नको, खाद्य कमी आणि सायफन (पाइपने तळाचा गाळ ओढून काढणं) जास्त हवा. त्यांच्यासाठीही ‘डीवर्मर’ (जंतनाशक) विकलेला आम्ही पाहिला आहे.

तिसरा प्रकार सर्वांत घातक: गुरांचं औषध छोट्या बाटलीत ओतून माशांचं म्हणून विकणं. आपल्याकडे गुरांसाठी लिव्हामिसोल आणि ऑक्सिक्लोझानाइड यांचं मिश्रण सर्रास मिळतं. त्यातलं ऑक्सिक्लोझानाइड माशांना विषारी आहे. कुत्र्यांचं-गुरांचं आयव्हरमेक्टिनही तसंच. लेबल काढलेल्या बाटलीत यातलं काय आहे हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून सुटी बाटली, कितीही स्वस्त असली तरी, घेऊ नका.

घ्यायचं कुठून? पशुवैद्यकाची चिठ्ठी घेऊन, जनावरांची औषधं विकणाऱ्या परवानाधारक दुकानातून, मूळ सीलबंद पॅकमध्ये. लेबलवर औषधाचं नाव, प्रमाण, बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, तयार केल्याची आणि संपायची तारीख, कंपनीचा पत्ता हे सगळं हवं. पशुऔषधावर जनावराच्या डोक्याचं चिन्ह आणि ‘माणसांसाठी नाही’ ही सूचनाही असते. घटकांमध्ये एकटं लिव्हामिसोल असल्याची खात्री करा. एका मिलिलिटरमध्ये 75 मिलिग्रॅम लिहिलेलं द्रावण मिळालं तर 48 लिटरला 96 मिलिग्रॅम, म्हणजे 1.3 मिलिलिटरच्या आत काम होतं. पावडर 30 टक्क्यांची असेल तर 0.32 ग्रॅम.

48 लिटर कुठून आले तेही सांगतो. 24 × 12 × 12 इंची टँक: तिन्ही मापांचा गुणाकार 3,456, त्याला 61 ने भागलं की सुमारे 56.6 लिटर. खडी, दगड आणि वरची रिकामी जागा यांचे 15 टक्के वजा केले की 48. दुकानदार सांगेल तो आकडा धरू नका. शुद्ध पावडर असेल तर 1 ग्रॅम, सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजून, 500 मिलिलिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं 1 मिलिलिटर टँकच्या 1 लिटरला. द्रावण ताजंच वापरा.

औषध देण्याआधी तळ सायफन करा, फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा बंद करा, हवा वाढवा. प्रकाशात लिव्हामिसोलचा नाश होतो, म्हणून लाइट बंद आणि टँक चादरीने झाकलेला. 24 तासांनी तळ पुन्हा कसून सायफन करा, कारण लुळे जंत खडीत पडलेले असतात आणि मासे ते जंत खातील. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला. तेच सगळं 21 दिवसांनी पुन्हा.

मासे खात असतील तर फेनबेंडाझोल हे जंताचं आणखी एक औषध खाद्यातून देता येतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. 10 ग्रॅम खाद्याला 25 मिलिग्रॅम, जिलेटिनने चिकटवून, सलग तीन दिवस, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. टँकमध्ये नेराइट गोगलगायी असतील तर त्या आधी हलवा, त्यांना ते मारक आहे.

फसवणूक झालीच असेल तर अर्धी पुडी जशीच्या तशी ठेवा, टाकून देऊ नका. स्टिकरचा फोटो, यूपीआय व्यवहार क्रमांक, कुरिअरची पावती आणि मात्रेबद्दलचे मेसेज एकत्र करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर सायबर हेल्पलाइन 1930, आणि तीही त्याच दिवशी. विनापरवाना औषध विकल्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या.

टँकच्या बाबतीत मात्र नकली पुडीचे दिवस मोजू नका. ‘21 दिवस झालेच आहेत’ म्हणून खरं औषध आणून थेट दुसरी फेरी समजू नका. खरं औषध पडेल तो पहिला दिवस. त्या दरम्यान जाळी, सायफनचा पाइप आणि बादली ज्या-ज्या टँकमध्ये फिरली असेल, त्या सगळ्या टँकना त्याच दिवशी औषध द्या, दोरे दिसोत वा न दिसोत.