व्हाइनवर नाव टाकलंय म्हणून निवांत राहू नका

कॅलिफोर्नियात माझ्या मैत्रिणीच्या केससाठी आम्ही व्हाइन ही, कैदी सुटला की पीडितेला कळवणारी सेवा वापरली, त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं. तिला जबर जखमी करणारा माणूस काउंटी जेलमध्ये, म्हणजे स्थानिक तुरुंगात असताना त्याच्या नावावर रजिस्टर केलं. फोन, मेसेज, ईमेल जे हवं ते निवडा, पिन ठेवा, तो सुटला किंवा हलवला की कळतं. एक पैसा लागत नाही. फोन उचलून पिन टाकेपर्यंत परत परत येतो, रात्री दोनला आला तेव्हा ती घाबरली, पण मला तो चिवटपणाच आवडला. १९९३ मध्ये केंटकीत मेरी बायरन नावाच्या मुलीला जामिनावर सुटलेल्या जुन्या बॉयफ्रेंडने मारलं, तो सुटलाय हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यातून १९९४ ला ही सेवा निघाली. जेलपुरतं काम चोख आहे, पाचपैकी पाच देईन.

पण चूक आमची झाली. एकदा नाव टाकलं म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल असं धरून चाललो. तो राज्याच्या तुरुंगात गेला की तुरुंग खात्याचा १७०७ नंबरचा वेगळा फॉर्म लागतो, सुटकेची आणि पॅरोलची (इथे पॅरोल म्हणजे सुटकेनंतर अटींसह ठेवलेली देखरेख) माहिती हवी असेल तर त्यात तसं सांगावं लागतं. २००८ च्या मार्सीज लॉ या पीडितांच्या हक्कांच्या कायद्यामुळे पॅरोलबद्दल कळवून घ्यायचा आणि आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, पण कळवणं मागितलं तरच होतं हो! आणि घाई यासाठी की जुलै २०२० पासून सुटलेल्या बऱ्याच जणांचा पॅरोल दोनच वर्षांचा असतो, त्यातही १२ महिने नीट काढले की लवकर संपवायचा विचार होतो. वर्ष असं निघून जातं.

पॅरोल संपला की त्याच्या अटीही संपतात हे आम्हाला फार उशिरा समजलं. पीडितेपासून ३५ मैलांच्या आत राहायचं नाही ही अट ती मागू शकते, पण तीही पॅरोलपुरतीच. त्याने तिच्यापासून लांब राहावं असा कोर्टाचा हुकूम, म्हणजे प्रोटेक्टिव्ह ऑर्डर वेगळी, तिची शेवटची तारीख आजच काढून बघा. त्याने तिला द्यायचे भरपाईचे पैसे मात्र बुडत नाहीत, पॅरोल संपला तरी वसुली चालू राहते, ही भीती तिला उगाच होती.

घर किंवा नंबर बदलला तर दोन्हीकडे कळवा, व्हाइनवर वेगळं आणि फॉर्मवाल्या ऑफिसात वेगळं. तिचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं असतं.