पद्मिनीत पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक किट बसवावा?

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर आमची पद्मिनी आधी मिसिंग मारू लागली आणि मग जागेवर बसलीच. मागे कंटेनरची रांग, वरून पाऊस. छत्री बॉनेटवर धरली आणि डेल्कोची कॅप काढली. (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडच्या गॅरेजांत डेल्कोच म्हणतात.) मुलाला सेल्फचा हलका टिचका मारायला सांगितला. डेल्कोच्या शाफ्टवरचा उंचवट्यांचा कॅम फिरत होता, पण त्याने उघडायचे पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे धातूचे दोन ठिपके, उघडतच नव्हते. कॅमवर घासणारा फायबरचा ठोकळा झिजून गॅप मिटला होता. स्क्रू सैल केला, काडेपेटीच्या पुठ्ठ्याची पट्टी पॉइंटच्या मध्ये घालून अंदाजाने गॅप दिला, स्क्रू आवळला. पहिल्या सेल्फला गाडी चालू.

ऐरोलीच्या माझ्या भाच्याने नुकतीच 1996 ची पद्मिनी घेतली आहे. "मामा, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवून टाकू का?" असं तो रोज विचारतो. त्याला मी आधी हाच प्रसंग सांगितला, कारण पॉइंटची खोड आणि पॉइंटचा गुण दोन्ही त्यात आले. गाडी पॉइंटमुळे बंद पडली आणि पॉइंट होते म्हणूनच भर रस्त्यात चालू झाली.

पॉइंटचं काम साधं आहे. मिटले की कॉइलमधून (बॅटरीचा व्होल्टेज ठिणगीपुरता वाढवणारी गुंडाळी) करंट वाहतो, उघडले की तो तुटतो आणि त्या तुटण्यातून प्लगची ठिणगी तयार होते. 1910 च्या सुमारास कॅडिलॅकमध्ये आलेली ही योजना कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीत जवळजवळ तशीच होती. चार सिलिंडरच्या इंजिनाला 3000 आरपीएमवर सेकंदाला 100 ठिणग्या लागतात, म्हणजे ते इवलेसे दोन ठिपके सेकंदाला 100 वेळा आपटतात. 3 ओहमची कॉइल असेल तर प्रत्येक वेळी 4 अँपिअरच्या आसपास करंट तोडतात. ते जळणार, त्यांना खड्डे पडणार आणि फायबर झिजणार हे ठरलेलंच. गॅप कमी झाला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायचा क्षणही, मागे जातं. गाडी जड वाटते, तापते आणि आपण कार्ब्युरेटर उघडून बसतो.

पूर्वी याची काळजी नव्हती. पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर पॉइंट-कंडेन्सरचा जोड कोणत्याही नाक्यावर मिळे. (कंडेन्सर म्हणजे पॉइंट उघडताना तिथेच उडणारी ठिणगी आवरणारी छोटी डबी.) ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून हटली आणि त्याच्या कितीतरी आधीपासून चांगला माल आटत आला होता. आज कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटे भाग शोधून सापडतात, पण नव्या खोक्यातल्या कंडेन्सरवर माझा विश्वास उरलेला नाही. दोनदा नवा कंडेन्सर गरम होताच बसला आणि जुना काढून ठेवलेला लावल्यावर गाडी सुरळीत झाली. किटकडे वळायचं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण हेच.

किटमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही जातात. कॅमवर चुंबकाची कडी बसते, प्लेटवर छोटं मॉड्यूल. कडी फिरली की मॉड्यूलमधला चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर करंट तोडतो. घासणारं काही नाही, म्हणून गॅप झिजत नाही आणि एकदा लावलेलं टायमिंग टिकतं. थंड इंजिन लवकर पकडतं, आयडल एका ठेक्यात राहतं. माजिवड्याला अर्धा तास अडकल्यावरही तो ठेका बिघडत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. दुकानदार "पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल" म्हणतात. तुमचे पॉइंट चांगले आणि नीट लावलेले असतील तर फरक फारसा जाणवणार नाही, कारण कॉइल तीच राहते. फरक जाणवतो तो झिजलेल्या पॉइंटच्या तुलनेत. कॅपखाली फिरणारा रोटर, कॅप आणि प्लगच्या वायरी दोन्हीकडे सारख्याच लागतात. त्यामुळे पावसात कॅपला आतून ओल आली की किटवालाही पॉइंटवाल्याइतकाच अडकतो.

आता किटची दुसरी बाजू. नेरुळच्या माझ्या मित्राची गाडी पाम बीच रोडवर चालता चालता, कसलीही सूचना न देता बंद पडली. पॉइंट मरताना आधी कुरकुर करतात. मॉड्यूल गेलं की गेलं, उघडून बघण्यासारखं आत काही नसतं. गाडी टो करूनच घरी आली. नंतर कळलं की आदल्या संध्याकाळी मुलं इंजिन बंद ठेवून, किल्ली ऑनवर टाकून तासभर गाणी ऐकत बसली होती. कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापून भाजले असणार. तशी पॉइंटचीही कॉइल तापते, पण तिथे बहुतेक वेळा शे-दोनशेच्या पॉइंटवर निभावतं.

मॉड्यूलला आणखी दोन गोष्टी सोसत नाहीत: उलटी बॅटरी आणि फार खाली गेलेला व्होल्टेज. ज्यांच्या गाडीत अजून डायनॅमो आहे त्यांनी दुसऱ्या गोष्टीचा नीट विचार करावा. डायनॅमो आयडलला जेमतेम चार्ज करतो. त्यात रात्र, वायपर, हेडलाइट आणि घोडबंदरचा जाम एकत्र आले की बॅटरी उतरते. अशा बॅटरीवर सेल्फ मारताना काही मॉड्यूल ठिणगीच देत नाहीत. पॉइंटची गाडी अशा वेळी चार माणसांच्या धक्क्यावर निघते.

मधली वाटही आहे, तिची चर्चा कमी होते. पॉइंट तसेच ठेवायचे, पण कॉइलचा भार बाहेर बसवलेल्या ट्रान्झिस्टरच्या डबीवर टाकायचा. पॉइंटमधून नाममात्र करंट जातो, त्यामुळे ते जळत नाहीत. फायबर मात्र झिजत राहतो. डबी गेली तर दोन वायरी बदलून आणि कंडेन्सर जोडून परत जुन्या पद्धतीवर येता येतं. हात चालवायची आवड असेल त्याला ही सोय उत्तम.

खर्चाचं गणित सोपं आहे. पॉइंट-कंडेन्सर काहीशे रुपयांत. बाहेरून मागवलेला किट कस्टम ड्युटीसकट काही हजारांत आणि डेल्कोच बदलायचा म्हटलं तर त्याहून कितीतरी जास्त.

भाच्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. गाडी दर आठवड्याला बाहेर काढणार असशील, अधूनमधून खोपोली-लोणावळा करणार असशील, तर किट घे. गाडी महिनोन्महिने कव्हरखाली राहणार असेल तर पॉइंटच ठेव. खाडीच्या दमट हवेत त्यांच्यावर गंज धरतो, पण कोरा जाड कागद मधून दोनदा ओढला की काम होतं. 50 वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल किंवा रॅलीत मूळपणाचे गुण हवे असतील, तरी पॉइंटच बरे. 2021 च्या नियमांत गाडी मूळ रूपात असण्यावर भर आहे. किट निघण्याजोगा असला तरी कॅपखालून निघणाऱ्या लाल-काळ्या वायरी जाणकाराला लगेच दिसतात.

पण त्याआधी डेल्कोचा शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून बघ. खटखट जाणवली तर शाफ्टला आधार देणारे बुश गेलेले आहेत. अशा डेल्कोत पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतो, कितीही मन लावून फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) घाल, टिकणार नाही. किट ही हालचाल बरीच सहन करतो, म्हणून "किट लावल्यावर गाडी नवी झाली" असं लोक सांगतात. वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणाऱ्या ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील तर तेही दोन्हीकडे छळणारच. वागळे इस्टेटमध्ये लेथवाला बुश करून देतो. तो खर्च आधी कर, कदाचित मग किटची गरजच वाटणार नाही.

बसवायचाच ठरला तर कॉइलच्या वायरी काढून मल्टिमीटरने तिचे ओहम मोज. किटच्या कागदावर लिहिलेल्यापेक्षा कमी आले तर कॉइल बदल, नाहीतर मॉड्यूल जळेल. तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायरी असतील तर त्या काढून कार्बनच्या टाक. ठिणगीचा क्षण बदललेला असतो, त्यामुळे टायमिंग स्ट्रोब लाइटने नव्याने लावावंच लागतं. काढलेली पॉइंटची प्लेट फेकू नकोस. तिच्यावर पॉइंट लावून ठेव. पद्मिनीला गॅप 0.4 ते 0.5 मिमीच्या दरम्यान, ॲम्बॅसडरच्या ल्युकास डेल्कोला 0.35 ते 0.40. कॅमला लावायचं ग्रीस बोटभर, जुना कंडेन्सर आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर असं सगळं एका डब्यात भरून डिकीत स्टेपनीशेजारी ठेव. आमच्या गाडीत तो डबा श्रीखंडाचा आहे, झाकण घट्ट बसतं आणि ओल आत जात नाही.