वाड्याच्या दरजा भरायच्यात: चुना की सिमेंट?

“गिलावा पडलाय, दरजा मोकळ्या झाल्यात. गवंडी सिमेंट म्हणतोय, मुलगा चुना म्हणतोय. काय करू?” दरजा म्हणजे विटा-दगडांमधले सांधे. पावसाळा सरत आला की असे फोन मला येतात, कारण वाईतल्या आमच्या वाड्यात मी दोन्ही करून पाहिलंय. मागची भिंत २००९ साली सिमेंटने केली, पुढची २०१६ साली चुन्याने. वाडा आपल्याकडच्या चार वाड्यांसारखाच आहे: काळ्या पाषाणाचं जोतं, त्यावर पातळ जुन्या विटा, मूळ बांधणी चुन्यातली आणि आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा. तुमचं घर असं असेल तर पुढचं उपयोगी पडेल. नव्या आरसीसी घराला यातलं काही लावू नका.

आधी सिमेंटची बाजू, कारण ती लंगडी नाही. माल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, कुठल्याही गवंड्याचा हात त्यावर बसलेला असतो, आणि आज भरलेली दरज उद्या कडक होते. आमची मागची भिंत दहा-बारा दिवसांत झाली. रेघा सरळ, गिलावा गुळगुळीत. पहिली दोन वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवत होतो.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या भिंतीला आतून लोणा फुटला. जमिनीपासून हातभर उंचीवर मिठासारखी पांढरी भुकटी. आईचं देवघर नेमकं त्याच भिंतीला लागून. सकाळी पूजेआधी ती पाट पुसायची, संध्याकाळी दिवा लावायला बसावं तर पाटावर पुन्हा पांढरं. गणपतीच्या आधी रंग काढायचा आणि गौरी जाईपर्यंत त्याला पोपडे धरायचे. दरवर्षी रंगारी, दरवर्षी नवा उपाय: कोणी जलरोधक रंग सुचवला, कोणी टाइल्स लावा म्हणालं. एक वर्ष टाइल्सही लावल्या, तर ओल त्यांच्या वर वीतभर चढून बाहेर पडली. भिंत पडत नव्हती, तिला भेगही नव्हती. बघायला आलेला प्रत्येक जण ‘भिंत मजबूत आहे’ असंच सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. पण आई वाकून तो पाट पुसताना दिसली की मला त्या मजबुतीचं काही वाटेनासं झालं. माझा निर्णय तिथेच झाला. बाकीची कारणं मी नंतर समजून घेतली.

ती कारणं अशी. जुनी वीट पाणी पिते, आणि आपल्या वाड्यांना ओलरोधक थर नसल्यामुळे जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. चुन्याची दरज सच्छिद्र असते, ओल तिच्यातून बाहेर निघून वाळते. सिमेंटने दरजा आणि बाहेरचं तोंड बंद केलं की ओलीला वाट उरते ती विटेतून, आणि तीही घराच्या आतल्या बाजूने. पाणी उडून जातं, क्षार विटेच्या तोंडाशी राहतात, तिथे त्यांचे स्फटिक होतात आणि फुगून विटेचाच पापुद्रा काढतात. सिमेंटमध्ये स्वतःचे विद्राव्य क्षार असतात, ते यात भर घालतात. चुन्याच्या भिंतीतही क्षार येतात, पण झिजते ती दरज. दरज पुन्हा भरता येते. त्या मापाची जुनी वीट आणायची कुठून?

पुढची भिंत करायच्या आधी मागचं सिमेंट थोडं काढून पाहिलं, तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. छिन्नी लावली की सिमेंटबरोबर विटेचं तोंडही हातात येत होतं. पुढच्या भिंतीतला जुना चुना मात्र लोखंडी आकडीने ओरबाडून निघाला, वीट शाबूत.

ताकदीचा प्रश्न इथे हमखास येतो. मापं थोडक्यात सांगतो. भारतीय मानक १९०५ प्रमाणे एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू अशा मालाची दाब सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला किमान १० न्यूटन धरलेली आहे. विटेच्या मानकातला, म्हणजे १०७७ मधला, सर्वांत खालचा वर्ग ३.५ चा आहे. मऊ विटेला इतका कडक माल लावून भिंत त्या प्रमाणात भक्कम होत नाही. आयआयटी कानपूरच्या कौशिक, राय आणि जैन यांच्या २००७ सालच्या चाचण्या मला यात फार बोलक्या वाटल्या. सिमेंटच्या मालात चुना घातल्यावर मालाची ताकद कमी झाली, पण त्या मालात रचलेल्या विटांच्या बांधकामाची ताकद फारशी घटली नाही, आणि मोडण्याआधी ते जास्त दबत गेलं.

आमच्याकडे १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात चौकातल्या भिंतीला भेग गेली होती. वडिलांनी पुढे कधीतरी ती सिमेंटने बुजवली. ते सिमेंट आजही तसंच आहे, आणि त्याला लागून, वितभर अंतरावर, विटांमधून नवी भेग गेली आहे. एका भेगेवरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. पण मी ती रोज बघतो.

एक गोष्ट मात्र चुन्याच्या प्रेमात कोणी विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत भिंती कोसळल्या त्या नुसत्या मालामुळे नव्हेत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, आतलं आणि बाहेरचं तोंड वेगवेगळं, मध्ये भर, दोन्ही बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीच्या धाब्याचं ओझं. तुमच्या भिंतीला पोट आलं असेल तर चुना आणि सिमेंट हा वादच बाजूला ठेवा. आधी चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि दोन्ही तोंडं एकमेकांना बांधून घ्या.

चुन्याचे त्रास लपवत नाही. चांगली चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, शोधायला मला महिना गेला. पिशवीतला रंगाचा चुना या कामाचा नाही. कळी विरवायची, हौदात पाण्याखाली मुरू द्यायची, मग सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, आणि वाळू घालून माल घोटायचा. आम्ही एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू असं प्रमाण ठेवलं. त्यात हात बसलेला गवंडी वयस्कर होता, दिवसाला जेमतेम चार हात भिंत करायचा, आणि दरजेवर गोणपाट ओलं ठेवायची शिस्त रोज पाळावी लागली. खर्च सिमेंटच्या जवळजवळ दुप्पट आला. पन्हळीखालचा एक पट्टा अवकाळी पावसात धुऊन गेला, तो पुन्हा करावा लागला. पहिलं वर्षभर भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसत होती. पुढच्या भिंतीला आतून लोणा मात्र अजून आलेला नाही. आता देवघर तिकडे हलवलंय.

जोत्याच्या पाषाणाबद्दल मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. काळा दगड पाणी पीत नाही, सिमेंटच्या दरजेने त्याचं तोंड उडत नाही. तिथे प्रश्न दरजेमागच्या जुन्या मालाचा असतो, कारण तो ओला राहिला की भुसभुशीत होतो. मी तिथेही चुनाच भरला, पण कोणी एकास दोनास नऊ, म्हणजे सिमेंट, चुना, वाळू, असा मधला माल वापरला तर मी वाद घालणार नाही. कंपाउंडची अलीकडची भिंत असेल, घाई असेल, भाडेकरू यायचे असतील, तर सिमेंट करा. राहत्या घराची जुन्या विटांची भिंत असेल तर मी स्वतः पुन्हा सिमेंटकडे जाणार नाही.

चुन्याचं ठरलं तर चुनकळी गणपतीतच आणून हौदात टाका. काम दिवाळीनंतर काढायचं आणि ऊन तापायच्या आत, महाशिवरात्रीपर्यंत, उरकायचं. गवंड्यालाही आत्ताच सांगून ठेवा, कारण तोही एकटाच असतो आणि थंडीत त्याच्याकडे रांग असते.