एडनच्या आखातातली पहारा-सेवा : कुणाला पुरते, कुणाला तोकडी पडते

मागून येणारी स्किफ, म्हणजे चाच्यांची छोटी वेगवान होडी, ३ सागरी मैलांवर दिसली, तिचा वेग २५ नॉट (तासाला २५ सागरी मैल) आणि तुमच्या जहाजाचा १४, तर ती कठड्याला लागायला साधारण १६ मिनिटं पुरतात. सर्वांत जवळची युद्धनौका ५० मैलांवर असेल आणि तीही २५ नॉटने निघाली, तरी तिला दोन तास हवेत. सोमालियाच्या किनाऱ्यापुढे व्यापारी जहाजांसाठी जी आंतरराष्ट्रीय पहारा-सेवा चालते, तिची पारख या हिशेबावरूनच करावी लागते. मधला पाऊणेदोन तासांचा वेळ जहाजाने स्वतः काढायचा असतो. ज्या जहाजाने तो काढला, त्याला ही सेवा उत्तम पुरते. ज्याने नाही काढला, त्याच्यासाठी युद्धनौका समोर येऊनही बहुतेक वेळा काही करू शकत नाही.

या सेवेला एक मालक नाही. भारतीय नौदलाची गस्त ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाली, युरोपीय संघाची ‘अटलांटा’ मोहीम त्याच वर्षी डिसेंबरात, अनेक देशांचं ‘सीटीएफ-१५१’ हे पथक जानेवारी २००९ मध्ये. नाटोची ‘ओशन शील्ड’ २००९ मध्ये आली आणि २०१६ मध्ये आटोपली. चीन आणि जपानही आपापल्या झेंड्याखाली उतरले. यातलं कुणी कुणाच्या हुकमाखाली नाही. बहारीनमध्ये ‘शेड’ नावाच्या बैठकीत सगळ्यांचे अधिकारी एकत्र बसून गस्तीचा मेळ घालतात. २०१२ पासून भारत, चीन आणि जपान यांनी आपल्या ताफ्यांच्या तारखाही जुळवून घेतल्या, म्हणजे एकाच दिवशी तीन ताफे आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, असं होऊ नये. ज्यांचं जमिनीवर फारसं पटत नाही, अशी नौदलं इतकी वर्षं एका पट्ट्यात, लेखी करार नसताना, एकमेकांना माहिती देत राहिली. हे यश फार मोठं आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही. कोणत्याही झेंड्याचं जहाज असो, पैसे लागत नाहीत.

परिणाम आकड्यांत दिसतो. आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोच्या नोंदीत सोमाली चाच्यांचे हल्ले २०११ मध्ये २३७ होते, २०१२ मध्ये ७५ आणि २०१३ मध्ये १५. श्रेय एकट्या युद्धनौकांचं नाही. जहाजांवर सशस्त्र रक्षक आले, कठड्यांना काटेरी तारा लागल्या, सोमालियातल्या पुंटलँड या स्वायत्त प्रांताने किनाऱ्यावर स्वतःचं सागरी पोलीस दल उभं केलं.

सेवा घेण्याची रीत सोपी आहे, पण क्रम चुकवू नये. पट्ट्यात शिरण्याच्या काही दिवस आधी कंपनीने किंवा कॅप्टनने युरोपीय संघाच्या सागरी सुरक्षा केंद्रात जहाजाच्या फेरीची नोंद करायची. हे केंद्र आधी ब्रिटनमधल्या नॉर्थवूडला होतं, ब्रेक्झिटनंतर ते फ्रान्समधल्या ब्रेस्टला गेलं. त्यानंतर ‘यूकेएमटीओ’ या ब्रिटिश नौदलाच्या सागरी व्यापार माहिती केंद्राला पहिला अहवाल, मग रोज एक, आणि क्षेत्राबाहेर पडल्यावर शेवटचा. अहवालात जागा, दिशा, वेग, कठड्याची पाण्यापासूनची उंची आणि माणसांची संख्या असते. अनेक जहाजं नोंदणी करतात आणि रोजच्या अहवालात ढिलाई करतात. मग हल्ला झाला, की नकाशावरची जागा काल सकाळची निघते, आणि शोधणारं विमान तिथे पोहोचतं तेव्हा जहाज तीनशे मैल पुढे असतं. भारतीय जहाजांनी आणि भारतीय खलाशी असलेल्यांनी मुंबईच्या डीजी शिपिंगलाही, म्हणजे जहाजवाहतूक महासंचालनालयालाही, कळवावं. गुरुग्रामला डिसेंबर २०१८ पासून नौदलाचं माहिती केंद्र आहे. तिथे बऱ्याच देशांचे संपर्क अधिकारी एका छताखाली बसतात, त्यामुळे बातमी लवकर फिरते.

आखातात शिरल्यावर शिफारस केलेली मार्गिका लागते. ती १ फेब्रुवारी २००९ पासून चालू आहे. लांबी सुमारे ४९० सागरी मैल. पूर्वेला जाणाऱ्यांसाठी दक्षिणेकडची लेन, पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी उत्तरेकडची. प्रत्येक लेन ५ मैल रुंद, मध्ये २ मैल मोकळे. १०, १२, १४, १६ आणि १८ नॉट अशा वेगानुसार गट केले जातात आणि प्रत्येक गटाची सुटण्याची वेळ वेगळी ठेवली जाते. १० नॉटच्या गटाला मार्गिका पार करायला ४९ तास लागतात, १८ च्या गटाला २७. हळू जाणाऱ्यांना आधी सोडायचं आणि धोक्याचा भाग अंधारात एकत्र ओलांडायचा, अशी योजना असते. गटाबरोबर युद्धनौका चालतेच असं नाही. प्रत्यक्ष सोबत हवी असेल, तर भारत, चीन किंवा जपानच्या ताफ्यात जागा मागावी लागते. पट्ट्यात नौका आणि हेलिकॉप्टर वाटून ठेवलेली असतात, हे गटाचं संरक्षण. गटापुढे धावू नये आणि मागेही रेंगाळू नये. एकटं पडलेलं जहाज लांबूनही ओळखू येतं.

जहाजावरची तयारी हा या सेवेचा अर्धा भाग. कठड्याला रेझर वायर लावताना ती आतून न लावता बाहेरच्या बाजूला, पाण्याकडे झुकलेली लावायची, दुहेरी गुंडाळी, आणि मधून पक्की जखडून. आतून लावली तर शिडीचा हुक कठड्याला आरामात बसतो. ढिली असली तर हुकानेच ती ओढून खाली पाडता येते. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि त्याचे गडी हे काम उन्हात, जाड हातमोजे घालून, दोन दिवसांत करतात, आणि शेवटी थकल्यावर मागचा कोपरा, म्हणजे स्टर्न, थोडा उरतो. चाचे तिथूनच येतात. कठडा पाण्यापासून सर्वांत खाली तिथे असतो आणि ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतून, तो नीट दिसतही नाही. वॉचवर एक माणूस वाढवायचा आणि त्याला फक्त मागे बघायला सांगायचं.

स्किफ ओळखायची कशी? कोकणातल्या मच्छीमारांना हे सांगायला नको. जाळं वाचवायला मासेमारी नौका जहाजाच्या अगदी जवळ येतात, ओरडतात, हातवारेही करतात. अशा होडीत जाळी, बुया, बर्फ, मासळी असते. लांब शिडीचं मासेमारीत काही काम नाही. होडीत शिडी दिसली, की संशयाला जागा उरत नाही. ही ओळख चुकली तर काय होतं, ते फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळपुढे दिसलं. ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मेले. त्या काळी ‘उच्च जोखमीचं क्षेत्र’ ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत ताणलेलं होतं, म्हणजे रत्नागिरी आणि मालवणच्या होड्याही त्यात येत होत्या. ती रेषा डिसेंबर २०१५ मध्ये ६५ अंशांवर आली आणि जानेवारी २०२३ पासून ते क्षेत्रच रद्द झालं. सेवेतला हा दोष सुधारायला फार वर्षं गेली.

पाठलाग सुरू झालाच तर पूर्ण वेग द्यायचा आणि सुकाणू थोडं थोडं डावी-उजवीकडे फिरवायचं, म्हणजे जहाजाच्या कडेला लाटा उसळतात आणि स्किफला टेकता येत नाही. सुकाणू पूर्ण फिरवण्याची चूक करू नये, वेग पडतो. आधी यूकेएमटीओला फोन, मग रेडिओच्या चॅनल १६ वर मेडे, म्हणजे संकटाची हाक. गुप्त अलार्मचं बटण दाबून स्वस्थ बसणं ही नेहमीची चूक. तो इशारा कंपनीकडे आणि झेंड्याच्या देशाकडे जातो, बाजूच्या युद्धनौकेकडे थेट जात नाही. चाच्यांसाठीचा अलार्म आगीच्या अलार्मपेक्षा वेगळा असला पाहिजे. आवाज एकच असेल तर माणसं सवयीने उघड्या डेकवर जमतात, म्हणजे नेमकी बंदुकीसमोर.

आणि मग साइटॅडल, म्हणजे चाचे चढल्यावर सगळ्यांनी आतून बंद करून बसायची भक्कम खोली. बहुतेक जहाजांवर ती इंजिन कंट्रोल रूममध्ये किंवा स्टिअरिंग गिअर रूममध्ये केलेली असते. नौदल सुटकेसाठी चढण्याआधी तीन गोष्टी बघतं : सगळेच्या सगळे लोक आत आहेत का, त्यांच्याकडे बाहेर बोलायचं स्वतंत्र साधन आहे का, आणि इंजिन चाच्यांच्या हाताबाहेर आहे का. यातला एक माणूस जरी बाहेर राहिला तरी कमांडो चढत नाहीत, कारण त्या एकाच्या डोक्याला बंदूक लागते. म्हणून सराव करताना माथी मोजायची, दोनदा. बोलण्याचं साधन म्हणजे हातातला व्हीएचएफ रेडिओ नव्हे. पोलादी खोलीतून त्याचा आवाज बाहेर जात नाही. सॅटेलाइट फोन हवा, आणि त्याचा अँटेना ब्रिजवरच्या अँटेनांपासून दूर, लपवलेला, कारण चाचे वर चढल्यावर दिसतील त्या अँटेना तोडतात. पाणी, कोरडं खाणं, औषधं, शौचाची सोय दोन-तीन दिवसांची. जहाजाची वीज गेल्यावर आतली हवा किती तास टिकते, हे आधी दार लावून बसून बघावं. कमांडो आल्यावर हात दिसतील असे ठेवायचे, टॉर्च लावायचा नाही, मोबाइलचा फ्लॅश तर नाहीच.

सगळं जुळून आल्याचं उदाहरण म्हणजे जानेवारी २०२४ मधलं ‘लीला नॉर्फोक’ हे जहाज. ४ तारखेच्या संध्याकाळी पाच-सहा हत्यारबंद माणसं चढल्याचा संदेश यूकेएमटीओच्या पोर्टलवर आला. २१ जण साइटॅडलमध्ये गेले, त्यात १५ भारतीय. नौदलाचं विमान वरून घिरट्या घालू लागलं, ‘आयएनएस चेन्नई’ दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला पोहोचली आणि मार्कोस कमांडोंनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. म्हणजे मदतीला जवळपास एक दिवस लागला आणि दार तेवढं टिकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘हेलास अफ्रोडाइट’ या तेलवाहू जहाजाचे २४ खलाशी असेच आत बसले आणि अटलांटाच्या स्पॅनिश युद्धनौकेने त्यांना दुसऱ्या दिवशी सोडवलं. उलट जानेवारी २०११ मध्ये सेशेल्सच्या उत्तरेला ‘बेलुगा नॉमिनेशन’ जहाजाचे लोकही साइटॅडलमध्ये होते. मदत फार लांब होती. दोन दिवस उलटल्यावर चाच्यांनी खोली फोडली आणि काही खलाशांचा जीव गेला. मार्गिकेबाहेर, खुल्या सोमाली खोऱ्यात, ही सेवा विरळ आहे, आणि हे कॅप्टनने मनात पक्कं धरून चालावं. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशी ‘एमव्ही अब्दुल्ला’चे २३ खलाशी चाच्यांच्या हाती सापडले, तेव्हा युद्धनौका मागोमाग गेल्या खऱ्या, पण ओलिसांपुढे त्यांचे हात बांधलेले होते. सुटकेला महिना लागला. मार्चमध्येच चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावर भारतीय नौदलाने ४० तास लढवलेली मोहीम, सी-१७ विमानातून उतरलेले मार्कोस, १७ खलाशांची सुटका, हे मोठं काम आहे, पण तसं दर वेळी घडेल या भरवशावर कुणी राहू नये.

सेवेची चूक जीवघेणीही ठरलेली आहे. १८ नोव्हेंबर २००८ ला ‘आयएनएस तबर’ने गोळीबाराला उत्तर देत चाच्यांची म्हणून जी नौका बुडवली, ती पळवलेला थाई ट्रॉलर ‘एकावत नावा ५’ होती आणि तिचे खलाशी आतच होते. नौदलाने स्वसंरक्षणाचं कारण दिलं, पण ट्रॉलर पळवल्याची खबर वेळेत हातोहात पोहोचण्याची सोय तेव्हा नव्हती. आजची माहिती केंद्रं अशाच ठेचांतून उभी राहिली.

पकडल्यावर पुढे काय, ही बाजू सर्वांत कच्ची. सुरुवातीची कित्येक वर्षं चाच्यांची हत्यारं पाण्यात टाकून त्यांना किनाऱ्याकडे सोडून दिलं जाई, कारण खटला कुणाच्या न्यायालयात चालवायचा हेच ठरत नसे. केनिया, सेशेल्स आणि मॉरिशस यांनी खटले घेतले म्हणून काही झालं. आपल्याकडे चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा २०२२ मध्ये आला. त्यामुळे ‘रुएन’वरचे ३५ चाचे २३ मार्च २०२४ ला मुंबईत उतरवून पोलिसांच्या ताब्यात देता आले. धरपकडीचा उलटा फटकाही बसतो. पळवलेल्या ‘अस्फाल्ट व्हेंचर’ जहाजासाठी खंडणी मिळाल्यावर एप्रिल २०११ मध्ये चाच्यांनी जहाज सोडलं, पण भारताने पकडलेल्या साथीदारांच्या बदल्यात सात भारतीयांना ठेवून घेतलं. ते ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. सोमालियाच्या हद्दीतल्या पाण्यात शिरायची मुभा देणारे सुरक्षा परिषदेचे ठराव २००८ पासून चालत आले, ते मार्च २०२२ मध्ये संपले. दोन वर्षं झाली नाहीत तोच येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे युद्धनौकांचं लक्ष तांबड्या समुद्राकडे गेलं आणि सोमाली टोळ्या पुन्हा पाण्यात उतरल्या. १९९१ मध्ये कोसळलेलं सरकार, परक्या ट्रॉलरांनी उपसलेली मासळी आणि एका फेरीत आयुष्यभराची कमाई देणारी खंडणी, या गोष्टींना समुद्रावरचा पहारा हात लावू शकत नाही.

सर्वांत मोठी तक्रार मात्र गलबतांची आहे. मांडवी, सलाया, पोरबंदरची लाकडी गलबतं दुबई-शारजाहून सोमालियातल्या बोसासो बंदराला साखर, गहू, कांदा नेतात. कठडा हात टेकेल इतका खाली, लोखंडी खोली नाही, रेझर वायर लावायला जागा नाही. ३१ मार्च २०१० ला डीजी शिपिंगने ओमानमधलं सलाला ते मालदीवचं माले या रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला जायची त्यांना बंदी केली, कारण पळवलेलं गलबत चाच्यांना मुख्य नौका म्हणून, म्हणजे भर समुद्रात स्किफ सोडण्याचा तळ म्हणून, वापरता येतं. तरी पोटासाठी फेऱ्या होतच राहिल्या. एप्रिल २०१७ मध्ये ‘अल कौसर’ मांडवीच्या खलाशांसह पळवलं गेलं. त्यांची सुटका सोमाली सुरक्षा दलांनी जमिनीवर उतरून केली. गलबताचा वेग ७-८ नॉट असतो आणि मार्गिकेतल्या सर्वांत हळू गटाचा १०. ‘शेड’च्या पुढच्या बैठकीत ७ नॉटच्या गटाची वेळ ठरवावी, आणि अहवालाचा फॉर्म गुजराती, अरबी आणि सोमालीत छापून मांडवी, शारजा आणि बोसासोच्या धक्क्यांवर वाटावा.