टॉक टॉक: पहिला अल्बम की चौथा?

लंडनच्या टॉक टॉक या बँडचे 'द पार्टीज ओव्हर' (1982) आणि 'स्पिरिट ऑफ ईडन' (1988) हे अल्बम लागोपाठ ऐकले, तर गायक एकच आहे यावरही चटकन विश्वास बसत नाही. पहिला अल्बम त्या काळच्या सिंथ-पॉपच्या, म्हणजे सिंथेसायझरवर बेतलेल्या पॉप संगीताच्या, साच्यातला आहे. निर्माता कॉलिन थर्स्टन हा ड्युरान ड्युरानचाही निर्माता असल्याने दोन्ही बँडची तुलना होत राहिली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. गाणी नेटकी आहेत, पण सिंथेसायझरचा तो चकचकीतपणा आज जुनाट वाटतो.

चौथ्या अल्बममध्ये, म्हणजे 'स्पिरिट ऑफ ईडन'मध्ये, गाणी सहाच. वेसेक्स स्टुडिओत जवळजवळ अंधारात वादकांकडून तासन् तास मुक्त वादन करून घेऊन, त्यातले मोजके तुकडे निवडून गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीज-ग्रीन यांनी ती रचली. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसते तरंगते स्वर ऐकू येतात आणि मग खरखरीत हार्मोनिका अंगावर येते. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला असा अल्बम विकणे जड गेले, प्रकरण कोर्टात पोहोचले आणि पुढचा 'लाफिंग स्टॉक' (1991) दुसऱ्या कंपनीकडून आला. एकच घ्यायचा असेल, तर मी निःसंकोचपणे चौथा घेईन; मात्र नाचायचे असेल, तर अर्थातच पहिला.