नवी एसएसडी आली. विंडोज क्लोन करायचं की नव्याने टाकायचं?

लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क, घ्यावी का, हा प्रश्नच नाही. जुनी डिस्क सेकंदाला 100-150 एमबी वाचते, साधी साटा एसएसडी 500 च्या पुढे जाते. अडतं ते पुढे: आहे ते विंडोज जसंच्या तसं उचलायचं, म्हणजे क्लोन करायचं, की कोऱ्या एसएसडीवर नव्याने टाकायचं?

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. निळं ‘गुड’ दिसलं तर दोन्ही वाटा मोकळ्या. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर क्लोनचा विचार सोडा. क्लोन करताना सगळा डेटा सलग वाचावा लागतो. त्या ताणाने आजारी डिस्क मधेच मान टाकू शकते, आणि खराब झालेल्या सिस्टम फायलीही तशाच नव्या घरात येतात. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, मग नवीन विंडोज टाका.

डिस्क ठणठणीत असेल, तर मशीनवर काय काय आहे त्यावर ठरतं. मागच्या उन्हाळ्यात लग्नपत्रिकांचं डीटीपी करणाऱ्या एका ताईंचा लॅपटॉप हातात आला. पेजमेकर, श्रीलिपी, वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट, आणि सेटअपच्या सीड्या कधीच हरवलेल्या. तिथे फॉरमॅट मारणं म्हणजे त्यांचा धंदा आठवडाभर बंद. क्लोनच केलं. डिस्क 1 टीबीची, पण सी ड्राइव्हवर भरलेली जागा 180 जीबी, त्यामुळे 500 जीबीच्या एसएसडीत (विंडोज ती 465 दाखवतं) ते आरामात मावलं. एसएसडीची केबल आधी काळ्या, म्हणजे जुन्या हळू यूएसबी पोर्टला लावली होती, तर वेळ दोन तासांच्या वर दाखवत होता. निळ्या पोर्टला लावल्यावर पाऊण तासात काम झालं.

मोठ्या डिस्कवरून लहान एसएसडीवर जाताना क्लोनझिला हे मोफत क्लोनिंग सॉफ्टवेअर सहसा अडून बसतं, त्याला तेवढीच किंवा मोठी डिस्क हवी असते. सॅमसंग आणि क्रुशियल यांची एसएसडी असेल तर त्यांच्याकडून मिळणारं क्लोनिंगचं सॉफ्टवेअर वापरा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी बंद करा आणि त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू करताना जुनी डिस्क काढलेली असू द्या. दोन्हींची ओळख एकच असल्याने विंडोजचा गोंधळ उडतो.

नव्याने टाकायला 8 जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरतं. लायसन्सची भीती नको. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही; की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा आणि पूर्वीचीच आवृत्ती, होम किंवा प्रो, टाका. विंडोज अर्ध्या तासात बसतं, खरा वेळ त्यानंतर जातो: प्रिंटर, मराठी कीबोर्ड, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, सगळे पासवर्ड. टॅली असेल तर जुन्या विंडोजमधून लायसन्स आधी सरेंडर करा, म्हणजे परत सोडा. काही नव्या इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. तेव्हा कंपनीच्या साइटवरचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर हवा.

अजून विंडोज 10 वर असाल तर माझं झुकतं माप नव्याने टाकण्याकडे. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीनला 11 चालत असेल तर एकाच दुपारी दोन्ही कामं उरकतात. ब्राउझर, फोटो, मुलांचा अभ्यास एवढंच असलेल्या घरच्या लॅपटॉपला तर मी क्लोन करतच नाही.

वाट कुठलीही घ्या, जुनी डिस्क महिनाभर पुसू नका. ताईंच्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती कपाटात ठेवली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना एक जुनी पत्रिका सापडेना. ती डी ड्राइव्हवर होती आणि मी फक्त सी क्लोन केला होता.